तब्येतपाणी : घास छातीत अडतो तेव्हा



गेल्या महिन्यात मल्लेश्वरमहून एका ताईंचा मोठा मेसेज आला. थोडक्यात असा: "सासूबाई ५८ वर्षांच्या. दोन-अडीच वर्षं झाली, घास छातीत अडतो. भाकरी अडते, भात अडतो, कधी साधं पाणीही अडतं. रात्री आडवं झालं की खाल्लेलं तोंडात येतं. ॲसिडिटीच्या गोळ्या भरपूर झाल्या. आता 'अकॅलेशिया कार्डिया, टाइप टू' असं निदान आलंय. एक डॉक्टर म्हणतात फुगा घालून वाट रुंद करू, दुसरे म्हणतात पोटावरून शस्त्रक्रिया करू, तिसरे म्हणतात 'पोएम' करा. घरात तीन माणसं, तीन मतं. सासूबाई म्हणतात, 'मला काही नको, मी पेज पिऊन राहीन.' आम्ही काय करावं?"

ताई, आधी एक दिलासा. तिन्ही डॉक्टरांपैकी चुकीचं कोणीच सांगत नाही. तिन्ही उपाय खरे आहेत आणि जगभर वापरात आहेत. फरक आहे तो कोणत्या रुग्णाला कोणता जास्त सोसेल आणि पुढची पाच-दहा वर्षं कशी जातील याचा. आणि पेज पिऊन राहणं हा मात्र उपाय नाही. का, ते आज सविस्तर पाहू.

अन्ननलिकेत बिघडतं काय?

घशापासून जठरापर्यंत जाणारी अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर लांब असते. आपण गिळलेला घास नुसता खाली पडत नाही, नळी त्याला ढकलत नेते. लेंग्यात नाडी घालताना आपण मागचं कापड गोळा करत पिन पुढे सरकवतो ना, तसंच. नळीच्या खालच्या टोकाला स्नायूंचं एक गोल दार असतं. घास आला की ते ढिलं होतं, घास गेला की मिटतं. जठरातलं आम्ल वर येऊ नये म्हणून ते एरवी मिटलेलंच असतं.

अकॅलेशियात या दाराला 'ढिलं हो' असा निरोप देणाऱ्या मज्जापेशी हळूहळू नष्ट होतात. अकॅलेशिया या ग्रीकवरून आलेल्या शब्दाचा अर्थच 'ढिलं न होणं' असा आहे. दार घट्ट राहतं आणि वरच्या नळीची ढकलण्याची लयही जाते. मग अन्न दारात साचतं. पुरेसं साचलं की त्याच्या वजनानेच थोडं थोडं खाली उतरतं. म्हणून असे रुग्ण जेवताना उभे राहतात, छाती ताणतात, घासागणिक पाणी पितात. घरच्यांना ती सवय वाटते. खरं तर ती त्यांनी स्वतःच शोधलेली युक्ती असते.

हा आजार दुर्मीळ आहे. वर्षाला एक लाख लोकांमागे साधारण एखादा नवा रुग्ण. स्त्री-पुरुष दोघांनाही होतो, कोणत्याही वयात होतो, लहान मुलांनाही क्वचित होतो. कोणी काय खाल्लं, किती तिखट खाल्लं, किती काळजी केली, यामुळे तो होत नाही. सासूबाईंना कोणी "तुम्ही टेन्शन घेता म्हणून होतं" असं म्हणत असेल, तर ते आजपासून बंद करा.

ओळखायला उशीर का होतो?

कारण लक्षणं ॲसिडिटीसारखी दिसतात. छातीत जळजळ, आंबट पाणी तोंडात येणं, छातीत दुखणं. साचलेलं अन्न नळीतच आंबतं, त्यामुळेही जळजळ होते. गोळ्यांनी फारसा फरक पडत नाही, पण गोळ्या चालूच राहतात. शिवाय आपल्याकडे घास लागला की "कोणीतरी आठवण काढतंय" म्हणून हसण्यावारी नेतात. रात्रीचा खोकला दम्याच्या खात्यात जमा होतो. वजन उतरलं तर "बरं झालं, बारीक झाल्या."

रुग्णही लपवतो. चारचौघांत घास परत वर आला तर? म्हणून लग्नाच्या पंगतीला जायचं टाळणं सुरू होतं. घरचे सगळे आठव्या क्रॉसला खरेदी करून मसाला दोसा खायला बसले, की "मला भूक नाही, मी कॉफीच घेते" असं उत्तर येतं. तुमच्या घरात कोणी असं वरचेवर म्हणत असेल, तर एकदा शांतपणे विचारा: "भूक नाही की गिळता येत नाही?"

एक खूण लक्षात ठेवा. अकॅलेशियात बहुधा सुरुवातीपासूनच घन आणि पातळ दोन्ही अडतं. आधी फक्त पोळी-भाकरी अडायला लागली, मग मऊ भात, मग पातळ, आणि हे काही आठवड्या-महिन्यांतच झालं, वजनही झपाट्याने उतरलं, तर नळीत गाठ नाही ना हे आधी पाहावं लागतं. विशेषतः साठीच्या पुढे. तिथे वाट पाहायची नाही.

तपासण्या तीन, तिन्ही कामाच्या

पहिली एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण. ती मुख्यतः दुसरं काही नाही ना हे पाहण्यासाठी. सुरुवातीच्या अकॅलेशियात ती अगदी नॉर्मलही येऊ शकते. म्हणून "दुर्बीण नॉर्मल, म्हणजे मनाचे खेळ" असा अर्थ काढू नका.

दुसरी बेरियमची. पांढरं औषध पिऊन एक्स-रे काढतात. नळी वर फुगलेली आणि खाली चिमणीच्या चोचीसारखी निमुळती दिसते. औषध प्यायल्यावर १, २ आणि ५ मिनिटांनी फोटो काढले, तर किती साचून राहतं हे मोजता येतं. उपचारानंतर तुलना करायला हे फोटो फार उपयोगी पडतात, जपून ठेवा.

तिसरी मॅनोमेट्री. नाकातून बारीक नळी घालून अन्ननलिकेतला दाब मोजतात. थोडी त्रासाची, पण निर्णायक. हिच्यावरूनच प्रकार ठरतो. टाइप वनमध्ये नळी निपचित असते. टाइप टूमध्ये साचलेल्या अन्नाने पूर्ण नळीत एकदम दाब वाढतो. टाइप थ्रीमध्ये नळीला पेटके येतात. उपचारांना सगळ्यात चांगला प्रतिसाद देतो तो टाइप टू. सासूबाईंचा प्रकार हाच, म्हणजे वाईटातली ही चांगली बातमी.

देवमाशाच्या हाडापासून पोएमपर्यंत

तुमच्या भागातल्या काडू मल्लेश्वर देवळाशी शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचं नाव जोडलेलं आहे. त्याच काळातली, पार इंग्लंडमधली गोष्ट. १६७४ मध्ये, म्हणजे इकडे रायगडावर राज्याभिषेक झाला त्या वर्षी, थॉमस विलिस या इंग्लिश डॉक्टरने अशाच एका रुग्णाची हकिकत छापली. विलिसने त्याला देवमाशाच्या हाडाची लवचीक काडी करून दिली, टोकाला स्पंज बांधलेली. जेवण झालं की काडी घशातून आत घालायची आणि अन्न दारापलीकडे ढकलायचं! त्या माणसाने हे पंधरा वर्षं केलं आणि तो जगला.

ही गोष्ट सांगायचं कारण असं, की साडेतीनशे वर्षांनंतरही उपचाराचं तत्त्व तेच आहे. मेलेल्या मज्जापेशी परत आणणारं औषध आजही नाही. नळीची हरवलेली लय कोणताही उपाय परत आणत नाही. सगळे उपाय एकच काम करतात: दार मोकळं करतात, म्हणजे अन्न आपल्या वजनाने उतरेल. ही गोष्ट घरात सगळ्यांना समजली, की "कोणता उपाय मुळापासून बरा करतो?" हा वाद आपोआप मिटतो.

आता एकेक उपाय पाहू.

गोळ्या आणि बोटॉक्स. स्नायू ढिले करणाऱ्या काही रक्तदाबाच्या व हृदयाच्या गोळ्या वापरतात. परिणाम थोडा आणि थोड्या वेळापुरता, वर डोकेदुखी-चक्कर. बोटॉक्सचं इंजेक्शन दुर्बिणीतून थेट दारात देतात. भारतीय वंशाचे डॉक्टर पंकज पसरिचा यांनी १९९५ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. बऱ्याच जणांना लगेच आराम पडतो, पण तो साधारण सहा महिने ते वर्षभर टिकतो. वारंवार इंजेक्शनांनी तिथे व्रण होऊन पुढची शस्त्रक्रिया अवघड होऊ शकते. म्हणून हा उपाय मुख्यतः खूप वयस्क, हृदय-फुप्फुसं कमजोर, भूल न सोसणाऱ्या रुग्णांसाठी. ५८ वर्षांच्या धडधाकट बाईंसाठी हा पहिला उपाय नव्हे.

फुगा. दुर्बिणीच्या मदतीने दारात फुगा नेऊन हवेने फुगवतात. दाराचे स्नायू ताणून थोडे फाटतात. आधी ३० मिलिमीटर रुंदीचा, गरज पडली तर नंतर ३५ आणि क्वचित ४० मिलिमीटरचा. पोटावर छेद नाही, मुक्काम कमी, खर्चही तुलनेने कमी. धोका एकच पण मोठा: नळी फाटणं. अनुभवी हातात तो शंभरात काही मोजक्यांना होतो, पण झाला तर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागू शकते. म्हणून जिथे शस्त्रक्रियेची टीम हजर असते तिथेच फुगा करून घ्यावा.

हेलरची शस्त्रक्रिया. जर्मन सर्जन अर्न्स्ट हेलर यांनी १९१३ मध्ये पहिल्यांदा दाराचे स्नायू उभे कापले. आतलं अस्तर शाबूत ठेवून फक्त बाहेरचा स्नायू कापायचा. १९९० च्या दशकापासून हे पोटावरच्या चार-पाच छोट्या छिद्रांतून, लॅपरोस्कोपीने होतं. दार उघडं पडलं की आम्ल वर येणार, म्हणून त्याच वेळी जठराचा थोडा भाग तिथे गुंडाळून आडोसा करतात.

पोएम. जपानचे डॉक्टर हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये हा उपाय पहिल्यांदा रुग्णावर केला. पूर्ण भूल देऊन तोंडातून दुर्बीण घालतात, नळीच्या अस्तराखाली बोगदा करतात, त्यातून खाली जाऊन दाराचा स्नायू कापतात आणि बोगद्याचं तोंड क्लिपांनी बंद करतात. बाहेर एकही टाका नाही. हवा तितका लांब छेद घेता येतो, म्हणून पेटके येणाऱ्या टाइप थ्रीत पोएमला पहिली पसंती असते. भारतात हैदराबाद, मुंबई अशा ठिकाणी याचा मोठा अनुभव जमा झाला आहे आणि बेंगळुरूतल्या मोठ्या पोटविकार केंद्रांतही पोएम होतं. उणीव एवढीच, की जठराचा आडोसा करता येत नाही, त्यामुळे आम्ल वर येण्याचं प्रमाण जास्त.

आकडे काय सांगतात?

तीन मोठ्या चाचण्या पाहू. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत दोन वर्षांनी हेलरच्या गटात ९० टक्के, तर फुग्याच्या गटात ८६ टक्के रुग्ण बरे होते. म्हणजे जवळजवळ बरोबरी. २०१९ मधल्या एका चाचणीत पोएम ८३ टक्के आणि हेलर ८२ टक्के, पुन्हा बरोबरी. पण दोन वर्षांनी दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा आम्लाने नळी सोलवटलेली दिसली ती पोएमच्या गटात ४४ टक्क्यांना आणि हेलरच्या गटात २९ टक्क्यांना.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत पोएम ९२ टक्के आणि फुगा फक्त ५४ टक्के! मग फुगा ८६ टक्के खरा की ५४? दोन्ही खरे. पहिल्या चाचणीत त्रास परतल्यावर पुन्हा फुगा घालायची मुभा होती. दुसरीत सुरुवातीच्या एक-दोन वेळांवरच मोजमाप केलं. अर्थ सरळ आहे: फुगा हा एकदाचा उपाय नाही, तो अधूनमधून करत राहायचा उपाय आहे. पहिल्याच चाचणीत पाच वर्षांत फुग्याच्या गटातल्या चारातल्या एकाला पुन्हा फुगा लागला.

मग सासूबाईंसाठी काय?

टाइप टू आहे, वय ५८, बाकी तब्येत ठीक असेल तर तिन्ही दारं उघडी आहेत. आता घरात बसून या प्रश्नांची उत्तरं शोधा.

पुन्हा पुन्हा रुग्णालयात जाण्याची तयारी आहे का? असेल आणि मोठी भूल नको असेल, तर फुगा योग्य. एकदाच काय ते करून मोकळं व्हायचं असेल, तर पोएम किंवा हेलर.

आधीपासून आम्लाचा खरा त्रास आहे का, किंवा मोठा हायटस हर्निया आहे का? असेल तर आडोसा करणारी हेलर बरी. पोएम केलं तर आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या बराच काळ, कदाचित कायम घ्याव्या लागतील हे धरून चाला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: ज्या डॉक्टरांकडे करणार, त्यांचा हात कशावर बसलेला आहे? बिनधास्त विचारा. "डॉक्टर, तुम्ही हे वर्षाला किती करता? नळीला इजा झाली तर इथेच सगळं होईल का? सहा महिन्यांनी पुन्हा बेरियमची तपासणी कराल का? त्रास परतला तर पुढची पायरी कोणती?" चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत. जवळ शंभर केसेसचा अनुभव असलेला फुगा, नवशिक्या हाताच्या पोएमपेक्षा नक्कीच बरा.

खर्चाची अडचण असेल तर खासगीत धावण्याआधी सरकारी वाट विचारून पाहा. तुमच्या मल्लेश्वरममध्येच के. सी. जनरल हॉस्पिटल आहे, आणि व्हिक्टोरिया हॉस्पिटलच्या आवारात पोटविकारांची स्वतंत्र सरकारी संस्था आहे. आयुष्मान कार्ड असेल तर कोणता उपचार बसतो आणि रेफरल पत्र कुठून आणायचं, हे भरती होण्याआधी विचारून घ्या.

"पेज पिऊन राहीन" असं का नको

कारण आजार तिथेच थांबत नाही. दार बंद आणि वर साठा, यामुळे नळी वर्षानुवर्षं ताणत जाते, रुंद होते, शेवटी नागमोडी होते. मग दार मोकळं करूनही अन्न नीट उतरत नाही, आणि क्वचित पूर्ण अन्ननलिकाच काढायची वेळ येते. झोपेत साचलेलं अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. अनेक वर्षं अन्न साचत राहिलं तर नळीच्या कर्करोगाचा धोकाही सर्वसाधारण माणसापेक्षा वाढतो. त्याचं एकूण प्रमाण कमी आहे, पण त्यासाठीच उपचारानंतरही डॉक्टरांच्या संपर्कात राहायचं.

आणि दुसरं कारण जेवणाच्या ताटाचं. आपल्या घरांतल्या बायका सगळ्यांना वाढून शेवटी जेवतात, त्यामुळे त्या काय खातात आणि काय टाळतात हे कोणाला दिसतच नाही. सासूबाई "काही नको" म्हणतात तेव्हा त्यांना बहुतेक भूल, खर्च आणि तुमची धावपळ नको असते. जेवण नको नसतं. त्यांना निर्णयात बसवा. तिन्ही उपाय त्यांच्या भाषेत समजावून सांगा आणि शेवटचा शब्द त्यांचा असू द्या.

उपचार होईपर्यंत घरी

- घास लहान, चावणं भरपूर, घाई नाही. कोमट पाणी अनेकांना बरं पडतं.
- भाकरी, कोरडी पोळी, मऊ पाव, मांसाचे तुकडे जास्त अडतात. सांबारात भिजलेली इडली, मऊ खिचडी, वरण-भात, दही सोपं जातं. पण नुसत्या पेजेने ताकद येत नाही. डाळ, दूध, अंडं चालत असेल तर ते, हे रोज पोटात जायला हवं.
- रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन-चार तास. झोपताना पलंगाचा डोक्याकडचा भाग उंच.
- गोळ्या बसून किंवा उभं राहून, भरपूर पाण्यासोबत. हाडांसाठी आठवड्याला देतात ती गोळी (ॲलेंड्रोनेट) चालू असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. अन्न अडणाऱ्यांना ती चालत नाही.
- एंडोस्कोपी किंवा भुलीआधी "रात्रीपासून उपाशी" पुरत नाही. नळीत कालचं-परवाचं अन्न असू शकतं. किती दिवस फक्त पातळ घ्यायचं ते विचारा, आणि भूलतज्ज्ञांना अकॅलेशिया आहे हे स्वतः सांगा.

लगेच रुग्णालयात कधी?

घास पूर्ण अडला आणि थुंकीही गिळता येत नाही. उलटीत रक्त किंवा काळी शौच. ताप आणि धाप. किंवा फुगा, हेलर, पोएम यांपैकी काहीही झाल्यावर छातीत तीव्र दुखणं, ताप, गळ्यापाशी सूज. यात सकाळची वाट पाहायची नाही.

ताई, निर्णय तुमचा आणि सासूबाईंचा. तीन डॉक्टरांची तीन मतं म्हणजे गोंधळ नाही, तीन वाटा आहेत. फक्त "बघू पुढच्या वर्षी" ही चौथी वाट धरू नका. दार जितकं लवकर मोकळं होईल, तितकी नळी शाबूत राहील. उपचारानंतरही थोडं हळू जेवावं लागेल, अधूनमधून पाण्याचा घोट लागेल. पण पंगतीत बसता येईल, सगळ्यांबरोबर दोसाही खाता येईल.

आणि बाकी वाचकहो, आज रात्री जेवताना ताटावरून नजर उचलून एकदा घरातल्या सगळ्यांकडे पाहा. कोण जेवायला फार वेळ लावतंय? कोण घासागणिक पाणी पितंय? आठवत असेल तर आम्हाला जरूर कळवा, आणि त्याआधी डॉक्टरांना.

(हा लेख माहितीसाठी आहे. उपचार आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.)